खूर कोण उचलतं?

आमच्या घरात एक वही आहे. सईची चौथीतली गणिताची, अर्धी कोरी राहिलेली. ती मागून उलटी उघडली की पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलंय, ‘घोड्यांचे पिक्चर’. गेली दोन वर्षं रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आम्ही मायलेकी एक पिक्चर लावतो आणि संपला की सई त्याची नोंद करते. रकाने तिनेच आखलेत: पिक्चरचं नाव, साल, मुलीचं नाव, घोड्याचं नाव. शेवटचा रकाना मात्र माझ्या सांगण्यावरून आलाय. त्याचं नाव ‘खूर उचलला का?’

आतापर्यंत २३ पिक्चर झाले. त्यातल्या ९ नावांपुढे बरोबरची खूण आहे, बाकीच्यांपुढे फुली.

हा रकाना का, ते सांगायचं तर मला आमच्या अंगणात जावं लागेल. मी नेरळजवळच्या एका गावात वाढले. माझ्या वडिलांचे, अण्णांचे, माथेरानला तीन घोडे होते. माथेरानला मोटार चालत नाही. गाडी दस्तुरी नाक्यापर्यंत, तिथून पुढे माणूस पायी जातो, अमन लॉजवरून रुळांवरची छोटी गाडी पकडतो किंवा घोडा करतो. तेव्हा हातरिक्षाही असायच्या. त्या घोड्यांपैकी तीन आमचे. राजा, मोती आणि चंद्री. उन्हाळ्यात अण्णा बहुतेक वरच असायचे. पाऊस लागला, छोटी गाडी बंद झाली, पाहुणे आटले की घोडे खाली आमच्या अंगणात यायचे आणि चार महिने मी शाळेतून आले की दप्तर टाकून त्यांच्यात.

चंद्री अण्णांनी सारंगखेड्याहून आणली होती. तापीकाठी दत्तजयंतीला यात्रा भरते तिथे, १९९० साली. कपाळावर चांदणीएवढा पांढरा ठिपका म्हणून चंद्री. तिच्या मानेवर देवमण होतं. देवमण म्हणजे गळ्यावरचा केसांचा भोवरा. तो शुभ मानतात आणि त्यासाठी विकणारा हजार-दोन हजार जास्त मागतो. अण्णांनी ते दिले. आई त्यावरून महिनाभर बोलत नव्हती.

घोड्यावर बसायला मला कोणी शिकवलं ते आठवत नाही. खूर उचलायला अण्णांनी शिकवलं ते लख्ख आठवतं. तोंड घोड्याच्या शेपटीकडे करून त्याच्या खांद्याला आपला खांदा लावून उभं राहायचं. तळहात खांद्यापासून खाली सरकवत आणायचा, मध्ये उचलायचा नाही. गुडघा, नळी, मग घोट्याच्या वर मागच्या बाजूला हलकेच चिमटीत धरायचं आणि अंगाने थोडा रेटा द्यायचा. घोडा दुसऱ्या पायावर भार घेतो आणि हा पाय तुमच्या हातात येतो. तुम्ही उचलायचा नसतो, तो देतो. मग आकडीने टाचेकडून पुढे, खुरात अडकलेली लाल माती, खडे, शेण काढायचं. मधला मऊ त्रिकोण असतो तिथे आकडी लागू द्यायची नाही. शेवटी नाक जवळ न्यायचं. कुजका वास आला तर खूर सडतोय.

‘बसणारा दहा मिनिटं बसतो,’ अण्णा म्हणायचे, ‘पाय ह्याचे आयुष्यभराचे.’

म्हणून माझा रकाना. पिक्चरमधली मुलगी वाऱ्यावर केस उडवत कुरणातून दौडतेय, मागे व्हायोलिन वाजतंय, सगळं छान. पण त्या पिक्चरमध्ये एकदा तरी कोणी वाकून खूर उचलतं का? शेण काढतं का? दाण्याच्या पैशाचं बोलतं का? घोडा म्हणजे रोज सकाळी भूक लागणारा, महिन्या-दीड महिन्याला नाल मागणारा जीव, हे त्या पिक्चरला माहीत आहे का?

माहीत असलेले पिक्चर थोडे आहेत. पण आहेत, आणि ते मला फार आवडतात.

सगळ्यात आधी ‘नॅशनल व्हेलवेट’. १९४४चा. एलिझाबेथ टेलर त्यात १२ वर्षांची आहे. पुढे जगाने पाहिली ती टेलर अजून यायची आहे. इथे आहे एक किडकिडीत पोर, जी पलंगावर बसून पायाच्या अंगठ्यांना दोरी बांधून लगामासारखी ओढते आणि बसल्या जागी घोडा दौडवते. सईने ते पाहिलं त्या रात्री माझी ओढणी गेली.

गोष्ट इंग्लंडातल्या ससेक्सची. व्हेलवेटचे वडील खाटीक. गावात एका माणसाचा घोडा आवरत नाही म्हणून तो त्याची सोडत काढतो आणि ती व्हेलवेटला लागते. तिला वाटतं, हा ग्रँड नॅशनल पळेल. ग्रँड नॅशनल म्हणजे लिव्हरपूलजवळ एंट्रीला होणारी शर्यत, चार मैलांच्या वर अंतर आणि ३० उड्या. कुंपणं, खंदक, पाणी. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याला धावतात त्या सपाट शर्यतींशी हिचा संबंध नाही. हिच्यात अर्ध्याहून जास्त घोडे कधीकधी शेवटपर्यंत पोचत नाहीत.

मी तो पिक्चर चार वेळा पाहिला तो शर्यतीसाठी नाही. त्यातल्या एका दृश्यासाठी. शर्यतीत नाव घालायचं तर शंभर पौंड हवेत. खाटकाच्या घरात एवढे पैसे कुठून यायचे? व्हेलवेटची आई तिला माळ्यावर घेऊन जाते. ही आई तरुणपणी इंग्लिश खाडी पोहून गेलेली आहे. तेव्हा मिळालेल्या बक्षिसाच्या सोन्याच्या मोहरा तिने इतकी वर्षं पेटीत तशाच ठेवल्यात. लग्न झालं, चार मुलं झाली, मोडल्या नाहीत. त्या ती मुलीच्या हवाली करते. आवाज चढवत नाही, डोळ्यांत पाणी नाही, मिठी मारणं नाही. समोर एक काम आहे, त्याला पैसे लागतात, ते माझ्याकडे आहेत, इतक्या साध्या सुरात. ॲन रिव्हिअरला या भूमिकेसाठी सहाय्यक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. मला तर वाटतं, त्या पिक्चरची खरी घोडेस्वार तीच. ती एकदा आपल्या समुद्रात उतरून आलेली आहे, म्हणून तिला कळतं की मुलीला अडवायचं नसतं.

वडील वाईट नाहीत हेही मला महत्त्वाचं वाटतं. दुकानदार माणूस आहे, हिशेब करतो, घोडा काही कमवत नाही म्हणून कुरकुरतो. आमच्या घरात हिशेब आई करायची आणि घोडे अण्णांचे. एवढाच काय तो फरक.

पुढे ठरवलेला जॉकी मनाजोगा निघत नाही आणि व्हेलवेट केस कापून, मुलगा म्हणून स्वतः घोड्यावर बसते. जिंकते. जिंकल्यावर रेषेपलीकडे घोड्यावरून कोसळते, ठरलेल्या जागेआधीच घोड्यावरून उतरली म्हणून बाद होते, आणि ती मुलगी आहे हेही उघडकीला येतं. लहान मुलांच्या पिक्चरमध्ये बक्षीस हातातून जातं, ते त्या काळी दाखवलं याचं मला नवल वाटतं.

या पिक्चरमागचं वास्तवही सईला सांगितलं. मूळ कादंबरी १९३५ची, एनिड बॅग्नॉल्डची. तिच्यातला घोडा अबलख आहे, पडद्यावरचा तांबूस. पिक्चर झाला तेव्हा महायुद्ध चालू होतं. इंग्लंडचा म्हणून जो समुद्र दिसतो तो कॅलिफोर्नियाचा. खुद्द एंट्रीला १९४१ ते १९४५ शर्यत झालीच नाही. म्हणजे पडद्यावर व्हेलवेट जिंकत होती तेव्हा खऱ्या मैदानावर कोणीच पळत नव्हतं. चित्रीकरण संपल्यावर तो घोडा टेलरलाच देऊन टाकला. हे ऐकून सई उठून उभी राहिली. ‘खरंच दिला? घरी न्यायला?’

आणि मुलींना तिथे पळायची परवानगी? ती यायला १९७०चं दशक उजाडलं. १९७७ साली शार्लट ब्रू ही २१ वर्षांची मुलगी ग्रँड नॅशनलमध्ये उतरणारी पहिली बाई. तिचा घोडा २७व्या उडीला अडला. १९८२मध्ये जेराल्डीन रीसने शर्यत पुरी केली. आणि जिंकायला २०२१ उजाडलं. रेचल ब्लॅकमोर, घोडा मिनेला टाइम्स. करोनामुळे मैदानात प्रेक्षक नव्हते. पिक्चर आल्यानंतर ७७ वर्षांनी. सईने वहीत ‘नॅशनल व्हेलवेट’च्या ओळीखाली लाल पेनाने ‘२०२१ला खरं झालं’ असं लिहून ठेवलंय.

आता मे महिन्याचं सांगते.

१९९२च्या मेमध्ये माझा भाऊ तापाने पडला. सीझन ऐन भरात. अण्णा दोन घोडे सांभाळणार, तिसरा कोण धरणार? मी १२ वर्षांची होते. म्हटलं, चंद्रीला मी नेते. दस्तुरीवरून बाजारपेठेपर्यंत एक मुंबईची बाई चंद्रीवर बसली आणि मी लगाम धरून चालले. लाल धूळ, झाडांची सावली, माकडं. त्या बाईने मला विचारलंसुद्धा, ‘तू रोज करतेस का हे?’ मी हो म्हटलं. खोटं बोलले. त्या दिवशी पाच फेऱ्या केल्या. संध्याकाळी खाली उतरताना दोघं-तिघं अण्णांना काहीतरी बोलले, मला ऐकू आलं नाही पण विषय मीच होते हे कळलं. दुसऱ्या दिवशी अण्णा मला न घेता गेले. चंद्री त्या दिवशी ठाणावर उभी होती, धंदा बुडाला, पण मला नेलं नाही.

मी त्यांना पुढे कधी विचारलं नाही. त्यांनी सांगितलं नाही.

पण १९९३च्या मेमध्ये काय झालं तेही सांगायला हवं, नाहीतर अण्णांवर अन्याय होईल. चंद्रीचा पुढचा उजवा पाय धरला. नळीच्या मागची शीर सुजली. लंगडत नव्हती. दुडकीत नीट बघितलं तरच डोकं किंचित वर जाताना दिसायचं. घोड्याचा पुढचा पाय दुखत असला की त्या पायावर भार पडताना तो डोकं वर करतो, चांगला पाय टेकला की खाली आणतो. आणखी दोन आठवडे तिला ओढत नेता आलं असतं. मे महिन्याचे शेवटचे दोन आठवडे म्हणजे आमच्या वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा. मी अण्णांना दाखवलं. ते बसले, खूर उचलला, शिरेवरून अंगठा फिरवला. चंद्रीने कान मागे घेतले. अण्णा उठले आणि तिचं खोगीर काढून ओसरीत टांगलं. तिथे ते ऑक्टोबरपर्यंत टांगलेलं होतं. मी सकाळ-संध्याकाळ तिला ओढ्यात गुडघाभर पाण्यात उभी करायचे, अर्धा तास, गार पाण्याने सूज उतरते म्हणून. तोबऱ्यात दाणा मात्र अर्धा. काम नसताना पूर्ण दाणा दिला तर घोड्याला बाधतो. त्या वर्षी माझ्या शाळेची वह्या-पुस्तकं आईने मामाकडून उसने पैसे आणून घेतली.

तेव्हा मला ते साधंच वाटलं होतं. मोठी झाल्यावर, ‘नॅशनल व्हेलवेट’मधली ती पेटी पाहताना मला ओसरीतलं खोगीर आठवलं आणि मी पिक्चर थांबवून स्वयंपाकघरात गेले.

त्याच १९९३ साली अमेरिकेत मरायाज् स्टॉर्म नावाच्या शर्यतीच्या घोडीचं पुढच्या पायाचं हाड मोडलं होतं. तिच्यावरून सुचलेला पिक्चर म्हणजे २००५चा ‘ड्रीमर’. डकोटा फॅनिंग त्यात केल नावाची मुलगी आहे. तिचे वडील घोडे तयार करणारे. घोडीचा पाय मोडतो, मालक म्हणतो संपवा, वडील नोकरी गमावतात आणि हिशेबाच्या पैशांतून ती घोडी घरी आणतात. घोड्याचा पाय मोडला की त्याला का मारतात, हे सईने विचारलं. मी तिला सांगितलं: गुडघ्याच्या खाली घोड्याला मांस जवळजवळ नसतंच. हाड, शिरा, कातडी. रक्त कमी पोचतं, हाड सांधायला वेळ लागतो. त्यात पाचशे किलोचा जीव झोपून राहू शकत नाही. उभं राहायचं म्हणजे उरलेल्या तीन पायांवर भार, मग त्यातल्या चांगल्या पायाचा खूर आतून सुटायला लागतो. म्हणून बहुतेकदा वाचत नाही. पण मरायाज् स्टॉर्म वाचली, पुन्हा पळली, जिंकलीसुद्धा. पिक्चरमधल्या घोडीला शिंगरू होऊ शकत नाही. खऱ्या घोडीचं शिंगरू मात्र जायंट्स कॉजवे निघालं, ज्याने २००० साली युरोपातल्या वरच्या दर्जाच्या शर्यती ओळीने पाच जिंकल्या. इथे मला खरी गोष्ट पिक्चरपेक्षा मोठी वाटते. पिक्चरवाल्यांनी शेवटी तिला सगळ्यात मोठी शर्यत जिंकायला लावलीय, त्याची गरज नव्हती. पण बाप-लेकीचं घोडीच्या तब्येतीवरून हळूहळू एकमेकांशी बोलायला लागणं, ते फार खरं आहे. आमच्या घरातही अण्णा आणि मी बोलायचो ते फक्त घोड्यांबद्दल. त्यातच सगळं असायचं. बरोबरची खूण.

‘फ्लिका’ला मी खूण करू दिली नाही. सई नाराज झाली. पिक्चर दिसायला देखणा आहे, वायोमिंगची माळरानं, रानटी घोडी, हट्टी मुलगी केटी. मूळ १९४१च्या पुस्तकात केन नावाचा मुलगा होता. १९४३च्या पिक्चरमध्येही मुलगाच. २००६मध्ये त्याची मुलगी झाली. या ६० वर्षांत घोडा हा मुलींचा विषय होऊन बसला, हे त्यावरूनही दिसतं. पण या पिक्चरच्या चित्रीकरणात दोन घोडे गेले. एकाचा पाय मोडला, त्याला संपवावं लागलं. दुसरा पडून मेला. घोड्यावरच्या प्रेमाची गोष्ट सांगायला दोन घोडे गमवायचे, हे माझ्याने पचत नाही. सईला मी कारण सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिनेच फुली मारली. पेन दाबून.

पाण्यात उड्या मारणाऱ्या घोड्यांवरचा १९९१चा एक पिक्चर आहे, सोनोरा वेबस्टर नावाच्या खऱ्या बाईवरचा. उंच मनोऱ्यावरून घोडा पाण्याच्या टाकीत उडी घ्यायचा आणि ही त्याच्या पाठीवर. १९३१मध्ये अशाच उडीत तिची दृष्टी गेली आणि त्यानंतरही अकरा वर्षं तिने उड्या मारल्या. तिच्या हिमतीला माझा नमस्कार आहे. पण ते खेळ बंद झाले ते बरंच झालं. तो आम्ही अर्धाच पाहिला.

आणि मग ‘राइड लाइक अ गर्ल’. २०१९चा, ऑस्ट्रेलियाचा. मिशेल पेन ही खरी जॉकी. दहा भावंडांत धाकटी. सहा महिन्यांची असताना आई अपघातात गेली, वडील पॅडी यांनी दहाही मुलं वाढवली, घरात सगळे घोड्यांतलेच. तिची थोरली बहीण ब्रिजिड घोड्यावरून पडून काही महिन्यांनी गेली. मिशेल स्वतः २००४मध्ये पडली, कवटीला तडा, मेंदूला मार. तरी पुन्हा घोड्यावर. नोव्हेंबर २०१५च्या पहिल्या मंगळवारी तिने प्रिन्स ऑफ पेन्झन्स या घोड्यावर मेलबर्न कप जिंकला. त्या घोड्यावर लावलेल्या एका रुपयाला शंभर मिळणार, इतका तो कोणाच्या खिजगणतीत नव्हता. मेलबर्न कप जिंकणारी ती पहिली बाई.

पण माझा जीव जडला तो तिच्या भावावर, स्टीव्हीवर. त्याला डाउन सिंड्रोम आहे. प्रिन्स ऑफ पेन्झन्सची देखभाल करणारा तोच. त्याला खायला घालणारा, घासणारा, शर्यतीआधी हातात लगाम धरून फिरवणारा. मेलबर्न कपच्या आधी कोणता घोडा कुठल्या फाटकातून सुटणार याची सोडत होते. तिथे प्रिन्ससाठी चिठ्ठी स्टीव्हीने काढली. १ नंबर निघाला. आणि पिक्चरमध्ये स्टीव्हीची भूमिका स्टीव्हीनेच केलीय. बाकी सगळे नट, सॅम नीलसारखा मोठा नट बापाच्या भूमिकेत, आणि त्यांच्यामध्ये हा खरा माणूस. तो घोड्याच्या अंगावरून हात फिरवतो तेव्हा हाताच्या चालीवरून कळतं की हे काम त्याने हजार वेळा केलंय. मान, खांदा, पाठ, एकदाही हात सुटत नाही. घोड्याला आपण कुठे आहोत ते सतत कळलं पाहिजे, म्हणून हात सुटू द्यायचा नसतो. ते कोणी दिग्दर्शकाने शिकवलेलं नाही.

सईने विचारलं, ‘आई, मग तू मिशेल की स्टीव्ही?’

मी म्हटलं, स्टीव्ही. विचार न करता म्हटलं, आणि नंतर रात्री उशिरापर्यंत तेच डोक्यात होतं. १२व्या वर्षी मला बसायचं होतं असं मी इतकी वर्षं धरून चालले होते. खरं तर मला बसायचं नव्हतंच. मला लगाम धरून चालायचं होतं. चंद्रीच्या डाव्या खांद्याशी, तिच्या पावलाला पाऊल लावून, पाहुणा वर आणि मी खाली. ते काम माझं आहे असं कोणीतरी मानायला हवं होतं.

आपल्याकडे घोड्यावरची बाई म्हटलं की डोळ्यांपुढे येते ती झाशीची राणी. पाठीला मूल, हातात तलवार. शाळेच्या स्नेहसंमेलनात मीही झालेय राणी, लाकडी घोड्यावर. त्या चित्रासमोर मान झुकतेच. पण तबेल्यातली बाई, शेण काढणारी, चंदी म्हणजे दाणा भिजवणारी, नालबंदाला पाय धरून देणारी, ती आपल्या कुठल्याही चित्रात नाही. मराठीत मुलीचा आणि तिच्या घोड्याचा पिक्चर मी पाहिलेला नाही. कोणी काढला तर पहिलं तिकीट माझं. सारंगखेड्याची यात्रा आहे, माथेरान आहे, वराती आहेत. वरातीतल्या घोडीला रात्री घरी गेल्यावर कोण सोडतं, कोण पाणी पाजतं? त्या घरात एखादी मुलगी असेलच की.

परवा, दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही अण्णांकडे गेलो. ७९ वर्षांचे झालेत. स्वतःचे घोडे आता नाहीत. चुलतभावाचे दोन आहेत, तेही किती दिवस राहतील सांगता येत नाही. वर ई-रिक्षा सुरू झाल्यात. रस्त्याला पेव्हर ब्लॉक बसवले तर उतारावर नाल घसरतात म्हणून घोडेवाल्यांचं म्हणणं. हातरिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा हव्या होत्या, आणि माणसाने माणूस ओढू नये हे मलाही पटतं. अण्णा यावर फार बोलत नाहीत. सकाळी उठून त्या दोन घोड्यांकडे एक चक्कर मारतात आणि परत येऊन चहा घेतात.

सईने टॅबवर ‘नॅशनल व्हेलवेट’ नेला होता. मी म्हटलं, अण्णांना इंग्रजी कळणार नाही. ती म्हणाली, ‘घोडा कळेल ना?’ ओसरीत टॅब खांबाला टेकवून ठेवला. अण्णा खाटेवर, सई त्यांच्या पायाशी बसून गोष्ट मराठीत सांगतेय. आईच्या मोहरांच्या दृश्यात अण्णांनी चष्मा वर सरकवला. काही बोलले नाहीत. माझी आई आतून तांदूळ निवडत ऐकत होती.

शर्यत सुरू झाली तसे अण्णा पुढे सरकले. प्रत्येक उडीला त्यांचा उजवा हात किंचित वर होत होता, लगाम सैल सोडल्यासारखा. दोन घोडे एकावर एक पडले तेव्हा त्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. व्हेलवेट जिंकली. सईने टाळ्या वाजवल्या. मग व्हेलवेट घोड्यावरून कोसळली, लोक धावले, तिला उचलून आत नेलं, डॉक्टर आले, सगळी गर्दी तिच्याभोवती.

अण्णा म्हणाले, ‘घोडं कुठाय?’

सईला कळेना. ‘आबा, ती बेशुद्ध पडली, तिला आत नेलंय.’

‘तिला नेलं ते बघितलं मी. घोड्याला कोणी धरलं? चार मैल पळून आलाय तो. तसाच उभा केला तर पाय आखडतील. खोगिराचा तंग सैल करून फिरवला पाहिजे आधी. पाणी लगेच भरपूर नाही द्यायचं.’

सईने पिक्चर मागे नेला. पुन्हा शर्यत, पुन्हा रेषा, पुन्हा मुलगी कोसळली. आम्ही तिघांनी टॅबजवळ डोकी नेऊन पाहिलं. गर्दीत टोप्या, कोट, कोणाचे तरी हात. तिने आणखी एकदा मागे नेला, बोटाने थांबवत थांबवत. घोडा कडेने चौकटीबाहेर गेलेला दिसला, लगामाला कोणाचा हात आहे ते दिसेना.

‘दिसत नाही हो, आबा.’

‘नसंल दिसत,’ अण्णा म्हणाले आणि पुन्हा खाटेवर टेकले. ‘पण फिरवला असंल कोणीतरी. त्याशिवाय राहत नाही कोणी.’

सई उठली, वही आणायला आत गेली आणि परत येताना अंगणाकडे वळली. चुलतभावाची घोडी तिथे बांधलेली होती. ‘आबा, हिचा खूर बघू का?’

अण्णांनी पायात चपला सरकवल्या. ‘थांब. अशी समोरून नको जाऊस. तोंड शेपटीकडे कर.’